तेरा आणे म्हणजे ११०१

आणा, चवली, पावली, अधेली. १९५७ साली दशमान नाणी येण्यापूर्वीची ही नाणी १, २, ४ आणि ८ आण्यांची. प्रत्येकी एकेकच खिशात असलं, तरी पंधरा आण्यांपर्यंतची कुठलीही रक्कम चोख देता येई. द्विमान संख्या वाचायची ती अशीच. उजवीकडून घरांची किंमत १, २, ४, ८, १६, दर घराला दुप्पट. १ म्हणजे नाणं दिलं, ० म्हणजे खिशातच राहिलं. ११०१ म्हणजे अधेली, पावली आणि आणा : तेरा. (तोंडी म्हणताना ‘एक-एक-शून्य-एक’, ‘अकराशे एक’ म्हटलं की घोटाळा.)

लांबलचक संख्येला मात्र घरं मोजत बसू नये. डावीकडून निघा, हातातला आकडा दुप्पट करा, पुढचा अंक त्यात मिळवा. १०११०१ चं होतं १, २, ५, ११, २२, ४५. कागदसुद्धा लागत नाही. शेवटी १ असेल तर संख्या विषम, हे तर नुसतं बघूनच कळतं. आणि आठही घरांत १ असले की २५५; चार आकड्यांच्या आयपी पत्त्यातला कुठलाही आकडा त्यापुढे जात नाही, तो याचमुळे : प्रत्येकाला घरं आठच.