मानवेल तो जमाखर्च

महिन्याची पंचवीस तारीख उलटली, की आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी एक प्रश्न हलक्या आवाजात विचारला जातो : "अहो, पैसे गेले तरी कुठे?" या प्रश्नाला बहुधा उत्तर मिळत नाही. कुणी उधळपट्टी केलेली नसते. दूध, भाजी, मुलांची फी, सासूबाईंची औषधे, एखाद्या लग्नाचा आहेर, असे सारे खर्च रास्तच असतात. तरीही हात रिकामा. मग पुढच्या एक तारखेला नवी वही येते. पहिल्या पानावर 'श्री' लिहिले जाते, आठ-दहा दिवस नेमाने नोंदी होतात आणि पुढे ती वही मुलांच्या कच्च्या गणितांसाठी कामास येते. आपल्या अंगी चिकाटी नाही, असे म्हणून आपण स्वतःलाच दोष देतो. वाचकहो, मला येथे असे सुचवावयाचे आहे की, बहुतेक वेळा दोष चिकाटीचा नसतो. आपण निवडलेली पद्धत आपल्या घरास मानवणारी नसते.

हे स्पष्ट करण्यासाठी आपण भिलाईस जाऊ. आजची भिलाईनगरी ही नियोजनाचेच अपत्य होय. १९५५ साली भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला, दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत पोलादाचा कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. सगळ्या प्रांतांतील माणसे येथे आली. १९५६ पर्यंत छत्तीसगड आणि नागपूर एकाच राज्यात होते व मुंबई–हावडा लोहमार्ग दोहोंना जोडतो. त्यामुळे विदर्भातील मराठी कुटुंबांना हे गाव फारसे परके वाटले नाही.

या एकाच गावात पैसा घरात येण्याच्या तीन निरनिराळ्या तऱ्हा आढळतात. कारखान्याच्या कायम नोकराला ठरलेल्या दिवशी ठरलेला पगार मिळतो आणि भविष्यनिर्वाह निधी, वसाहतीतील घराचे भाडे वगैरे रकमा हाती येण्यापूर्वीच कापल्या जातात. ठेकेदाराकडील कामगाराची मिळकत हजेरीवर अवलंबून. काम भरले तर पैसा, न भरले तर खाडा. सुपेला किंवा पॉवर हाऊस भागातील लहान दुकानदाराचा गल्ला दिवाळीत भरतो आणि आषाढात ओस पडतो. या तिघांना एकच वही, एकच नियम कसा बरे चालावा?

कायम नोकरीतील एका मराठी कुटुंबाची हकिगत मला जवळून ठाऊक आहे. नवरा-बायको, आजी, बारावीकडे निघालेली मुलगी आणि धाकटा मुलगा. पगार हाती येई ५२,००० रुपये. व्यसन नाही, हौसमौज बेताची. तरी मुलीच्या खासगी शिकवणीवर्गाचे ८४,००० रुपये जून महिन्यात भरावयाची वेळ आली, तेव्हा खात्यात त्याच्या दहावा हिस्साही नव्हता. त्या रात्री आजींनी हातांतल्या पाटल्या उतरवून सुनेपुढे ठेवल्या. "नातीच्या शिक्षणाहून का त्या मोठ्या?" एवढेच त्या म्हणाल्या. पाटल्या बँकेत तारण पडल्या. आजी पुढे महिनाभर पदराने मनगट झाकून वावरत होत्या, ही गोष्ट सुनेच्या मनाला फार लागली. चांगला पगार असूनही घरातील वडीलधाऱ्या माणसावर ही पाळी का यावी, या विचाराने तिने हिशेबाचा प्रश्न गांभीर्याने हाती घेतला.

तिने पहिला प्रयोग केला तो आपल्या ओळखीचाच : पैन् पैची नोंद. ही परंपरा थोर आहे. पेशवे दप्तरातील रोजकीर्दी प्रसिद्धच आहेत. लंडनमध्ये शिकत असताना गांधीजी बसभाडे, टपाल आणि वर्तमानपत्र यांवर खर्चलेली नाणीसुद्धा लिहून ठेवीत आणि निजण्यापूर्वी शिल्लक ताडून पाहत, असे त्यांनी आत्मकथेत सांगितले आहे. जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार बाईंनी १९०४ साली गृहिणींसाठी हिशेबाची खास वही प्रसिद्ध केली आणि घरचा हिशेब ठेवण्याची ती रीत तेथे रुजली. परंतु या पद्धतीस एक अट आहे. खर्च करणारा आणि लिहिणारा एकच असावा, अथवा दोघांची रोज गाठ पडावी. येथे नवऱ्याला कारखान्याच्या तीन पाळ्या. तो रात्रपाळीहून येई तेव्हा बायको मुलांच्या डब्यात गुंतलेली. ती मोकळी होई तेव्हा तो झोपलेला. दोघे आपापल्या मोबाइलवरून पैसे देत. तीन आठवड्यांत वहीत 'किरकोळ' या एकाच सदराखाली ४,००० रुपये जमले. तेव्हा वही मिटली.

दुसरा प्रयोग टक्केवारीचा. एलिझाबेथ वॉरन आणि त्यांची कन्या अमेलिया वॉरन त्यागी यांनी २००५ साली अमेरिकेत लिहिलेल्या पुस्तकामुळे एक सूत्र जगभर पसरले : मिळकतीचा निम्मा भाग गरजांना, तीस टक्के इच्छांना आणि वीस टक्के बचतीला व कर्जफेडीला. सूत्र सुटसुटीत आहे. पण ते सगळ्यांच्या अंगास बसेल असे नाही. जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्येच दाखवून दिले होते की, मिळकत जितकी कमी तितका तिचा मोठा हिस्सा अन्नावर जातो. आपल्याकडील सरकारी पाहणीही तेच सांगते. १९९९-२००० मध्ये ग्रामीण कुटुंबांच्या खर्चापैकी सुमारे ५९ टक्के खर्च अन्नावर होत असे. २०२३-२४ मध्ये हे प्रमाण सुमारे ४७ टक्क्यांवर आले आणि शहरांत ते सुमारे ४० टक्के होते. त्याच २०२३-२४ च्या पाहणीत दरडोई मासिक खर्च सर्व राज्यांत छत्तीसगडचा सर्वांत कमी, म्हणजे खेड्यांत २,७३९ आणि शहरांत ४,९२७ रुपये, आढळला. ज्या घरी निम्मा पैसा अन्नातच संपतो, त्याला 'इच्छांना तीस टक्के' हे सांगणे म्हणजे उपाशी माणसास पंचपक्वान्नांचे ताट कसे मांडावे ते शिकविणे होय. आमच्या कुटुंबाची अडचण मात्र वेगळी निघाली. त्यांच्या घरात गरज आणि इच्छा यांची सीमारेषाच ठरेना. मुलीची शिकवणी गरज म्हणावी की इच्छा? आजीची पंढरपूरची वारी? दोन रविवार वादात गेले.

तिसऱ्या खेपेस त्या बाईंनी वही आणि सूत्र दोन्ही बाजूला ठेवून एक साधी गोष्ट केली. मागील वर्षात महिन्याच्या ठराविक खर्चाखेरीज कोणकोणत्या मोठ्या रकमा द्याव्या लागल्या, त्यांची आठवणीने यादी केली. शिकवणीवर्ग ८४,०००, मुलाच्या शाळेची फी ३०,०००, विम्याचा हप्ता १८,०००, दिवाळी व कपडे १८,०००, गावची जा-ये आणि लग्नकार्यांतील आहेर १८,०००. बेरीज झाली १,६८,००० रुपये. बाराने भागले, तेव्हा महिन्याला १४,००० आले. गळती सापडली होती! हे खर्च अचानक कोसळत नव्हते. दरवर्षी ठरल्या वेळी येत होते. मासिक हिशेबात मात्र त्यांना कोठेच जागा नव्हती. शांत महिन्यांत उरलेला पैसा आपला समजून खर्च होई आणि जून उजाडला की कर्ज काढावे लागे.

मग रचना अशी ठरली. पगार जमा होताच त्याच दिवशी १४,००० रुपये वेगळ्या बँकखात्यात. या खात्याला घरात 'वर्षाचे खाते' म्हणू लागले. सोनेतारण कर्जाचा हप्ता ८,०००. पोस्टातील आवर्ती ठेव ४,०००. वीज, गॅस, दूध, पेट्रोल, दूरध्वनी, औषधे यांसाठी १०,०००. उरले १६,०००. त्यांचे चार समान भाग केले : पहिला भाग एक ते आठ तारखेपर्यंत, दुसरा नऊ ते पंधरा, तिसरा सोळा ते तेवीस आणि चौथा चोवीसपासून महिनाअखेरपर्यंत. प्रत्येक भागाचे ४,००० रुपये रोख काढून फडताळातील एका डब्यात ठेवावयाचे आणि भाजी, किराणा, रिक्षा, किरकोळ खरेदी सारे त्यातूनच करावयाचे. नोंद मुळीच ठेवावयाची नाही. डब्यात हात घातला की किती उरले ते दिसतेच. रात्रपाळीहून आलेल्या माणसालाही दिसते.

मोबाइलवरून पैसे देण्याची सोय आता आपल्याकडे आली आहे. ती उपयुक्त आहे यात शंका नाही. परंतु नोट हातातून सुटताना मनाला जी बारीकशी टोचणी लागते, ती तेथे लागत नाही. म्हणून या घराने बिले मोबाइलवरून आणि रोजचा बाजार रोखीने, अशी वाटणी केली. आपल्या घरी कदाचित याच्या उलट सोयीचे ठरेल. मोबाइलवर प्रत्येक व्यवहाराची नोंद आपोआप राहते, हा ज्याला लिहिण्याचा कंटाळा त्याच्यासाठी मोठाच लाभ आहे.

हे सारे सुरळीत पार पडले असे मात्र समजू नये. पहिल्या दोन महिन्यांत चौथा डबा सत्तावीस तारखेलाच रिता झाला. शेजारणीचे पाहुणे, मुलाचे दप्तर, काही ना काही निघे. परंतु तीन-चार दिवसांची तूट काटकसरीने निभावता येते. तीन महिन्यांची येत नाही. अकराव्या महिन्यात कर्जाचा शेवटचा हप्ता फिटला आणि पाटल्या घरी आल्या. पुढच्या जूनमध्ये शिकवणीवर्गाचे ८४,००० रुपये 'वर्षाच्या खात्या'तून भरले गेले. त्या दिवशी घरात कुणी कुणाला काही विशेष म्हटले नाही. आजी तेवढ्या पदर आवरून, मनगटे उघडी ठेवून तांदूळ निवडीत बसल्या होत्या.

हीच पद्धत आपण जशीच्या तशी उचलावी, असे मी सांगणार नाही. ज्याची मिळकत हजेरीवर आहे, त्याने महिन्याचा अंदाज बांधताना चांगला महिना धरू नये. मागील वर्षातील सर्वांत पडता महिना धरावा आणि त्यात बसेल एवढाच कायमचा खर्च अंगावर घ्यावा. ज्या महिन्यात काम अधिक भरेल, त्या महिन्याची वरकड पावसाळ्याची बेगमी समजावी. अशा घरी मजुरी हाती येताच प्रथम तांदूळ आणि घरभाडे बाजूला काढण्याची जुनी रीत कोणत्याही सूत्राहून सरस आहे. पोस्टात दरमहा शंभर रुपयांपासून आवर्ती ठेव सुरू करता येते; परंतु मिळकतच अनियमित असेल तर हप्ता चुकण्यापेक्षा साधे बचतखाते बरे. दुकानदाराने गल्ला आणि घर यांची गल्लत करू नये. दुकानातून दरमहा ठराविक रक्कम स्वतःस पगार म्हणून घ्यावी आणि घर त्यातच चालवावे. नाही तर दिवाळीतील भांडवल फराळात जाते आणि मालाची उधारी मागे राहते.

तेव्हा वही विकत घेण्यापूर्वी, वाचकहो, स्वतःला चार प्रश्न विचारा. घरात पैसा ठरलेल्या दिवशी येतो की अनियमितपणे? खर्च करणारे हात किती, आणि त्यांची रोज गाठ पडते का? मला लिहिण्याची आवड आहे, की डोळ्यांना दिसले तरच समजते? आणि गेल्या वर्षी कर्ज किंवा उसनवारी करावी लागली ती नेमकी कशासाठी? यांतील शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. आपली पद्धत तेथूनच बांधावयास घ्यावी, कारण भोक जेथे आहे तेथेच ठिगळ लावावयाचे असते.

उत्तरे घरातील सर्वांसमक्ष द्या. मुलांनाही बसवा, आजी-आजोबांनाही. निवडलेली पद्धत तीन महिने चालवून पाहा. ती मोडली, तर स्वतःस दोष न देता कोठे मोडली ते पाहा आणि तेवढाच भाग बदला. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण प्रत्येकाचे अंथरूण निराळ्या मापाचे असते. ते एकदा आपल्या हाताने मोजून पाहणे, हाच जमाखर्चाचा खरा आरंभ होय.