इशापूरची रायफल आणि तिचे रास्त पैसे

अमेरिकेतल्या गन शोमध्ये जुन्या लष्करी मालाच्या ढिगात 'आर.एफ.आय.' हा शिक्का दिसला की मला गाववाला भेटल्यासारखं होतं. रायफल फॅक्टरी इशापूर, पश्चिम बंगाल! १९६२च्या चीन युद्धानंतर तिथे जुन्या ली-एनफिल्डच्या धर्तीवर ७.६२ नाटो काडतुसाची रायफल घडवली गेली. .३०३ला भोक पाडून केलेला हा जुगाड नव्हे, पोलादच जास्त मजबूत वापरलं. १२ गोळ्यांचं चौकोनी मॅगझिन ही तिची खूण. मागची साईट २००० पर्यंत आखलेली असेल तर २ए, ८०० मीटरपर्यंत असेल तर २ए१.

विक्रेता "रेअर आहे" म्हणेल. हसून सोडून द्या, या रायफली तिकडे ढिगाने आल्यात.

आधी बोल्टच्या दांड्यावरचा नंबर बॉडीवरच्या नंबराशी जुळवा. जुळत नसेल तर भाव पाडा, आणि हेडस्पेस, म्हणजे बोल्टच्या तोंडापासून चेंबरमध्ये काडतूस अडतं तिथपर्यंतचं अंतर, गेजने तपासल्याशिवाय गोळी झाडू नका. मग बोल्ट काढून बॅरलमधून उजेडाकडे बघा. आटे धारदार हवेत. खड्डे दिसले तर रायफल भिंतीवरच शोभेल. लाकूड शिकारीसाठी कापलेलं असेल तर निम्म्या भावालासुद्धा मी दोनदा विचार करतो, कारण अख्खं लाकूड शोधून बसवताना वाचलेले पैसे त्यातच जातात.

काळ्या रंगाला मात्र नाक मुरडू नका. पुढच्या लाकडातून आरपार गेलेल्या स्क्रूलाही नाही. लाकडाला तडा जाऊ नये म्हणून तो मुद्दाम घातलेला असतो.