रस्त्यावरचे काळे चौकोन

एसटीत खिडकीजवळची जागा मिळाली, की आपण झाडं बघतो, बैल बघतो, विजेचे खांब मोजतो. पुढच्या वेळी जरा खाली, रस्त्याकडे बघा. मधूनच काळ्याभोर डांबराचा एक चौकोन दिसेल. थोडं पुढे आणखी एक. ही बुजवलेल्या खड्ड्यांची ठिगळं. पण खड्डा काही चौकोनी पडत नाही. तो पडतो गोल, नाहीतर वाकडातिकडा. मग त्याचं ठिगळ चौकोनी का?

हा प्रश्न मला भंडारा जिल्ह्यात पडला, लाखनी तालुक्यातल्या एका गावरस्त्यावर. हिवाळा होता. दोन्ही बाजूंच्या बांध्यांमधलं धान कापून झालं होतं. चार माणसं एका खड्ड्याभोवती बसली होती. खड्डा बुजवायचं सोडून ती तो मोठाच करत होती! छिन्नी-हातोड्यानं कडा तोडून त्यांनी खड्ड्याचा छान सरळ कोपऱ्यांचा चौकोन केला. मी विचारलं, "काका, होता तेवढाच भरला असता तर?"

"तसा भरला तं चाकासंगं निघून जाते जी," त्यांच्यातले वयस्कर काका म्हणाले.

म्हणजे काय, ते कळायला आधी खड्डा जन्मतो कसा ते बघावं लागेल.

शेंगदाण्याची चिक्की आठवा. दाणे भरपूर आणि त्यांना धरून ठेवणारा गूळ थोडा. डांबरी रस्त्याचा वरचा थर हुबेहूब तसाच असतो. गिट्टी म्हणजे दाणे, डांबर म्हणजे गूळ. 100 किलो मिश्रणात डांबर असतं जेमतेम 5 किलो! रस्ता काळा दिसतो म्हणून आपल्याला वाटतं, की तो डांबराचाच आहे. खरं ओझं उचलते ती गिट्टी. वरच्या थराखाली जाड गिट्टीचा थर, त्याखाली मुरूम आणि सगळ्यात खाली आपली माती. डांबराचं काम दोन गोष्टींचं : गिट्टीला चिकटवून ठेवणं आणि छत्रीसारखं पाणी अडवणं.

आता भंडाऱ्याचा मे महिना डोळ्यांसमोर आणा. वर्षानुवर्षं असं ऊन आणि हवा खाऊन डांबरातला चिवटपणा जातो. ते कडक होतं, ठिसूळ होतं आणि एके दिवशी केसाएवढी भेग पडते. त्या भेगेतून पावसाळ्यात पाणी आत शिरतं. मग येतं चाक. पाणी दाबून लहान होत नाही, त्यामुळे चाकाखाली सापडलं की ते पिचकारीसारखं जोरात बाजूला पळतं आणि पळताना बारीक माती सोबत नेतं. चाक पुढे गेलं, की पाणी पुन्हा आत. पुढचं चाक आलं, की पुन्हा बाहेर. पावसात भेगेतून गढूळ पाणी उडताना दिसलं, तर समजा की रस्त्याचं पोट रिकामं होतंय. मग एक दिवस वरचं छत आत बसतं. झाला खड्डा!

ओल्या मातीत बळ किती कमी असतं, हे धानाच्या गावातल्या मुलांना सांगायला नको. मे महिन्यात ज्या बांधीत तुम्ही क्रिकेट खेळता, त्याच बांधीत चिखलणीला पाय पोटरीपर्यंत रुततो. माती तीच. फक्त तिच्यात पाणी शिरलेलं असतं. रस्त्याखालच्या मातीचंही तसंच होतं.

म्हणून चांगला रस्ता सपाट नसतो, त्याला पाठ असते. मधोमध उंच, कडांना उतरता. गावरस्त्याचा डांबरी पट्टा बऱ्याचदा 3.75 मीटर रुंद असतो. दर मीटरला 3 सेंटिमीटर उतार धरला, तर कडेपेक्षा मध्यभाग साधारण साडेपाच सेंटिमीटर उंच भरतो. एवढ्याशा उंचवट्यावर पाणी घरंगळून साइडपट्टीवर जातं, तिथून नालीत आणि नालीतून बोडीत किंवा नाल्यात. यातली एक जागा तुंबली, की पाणी परत रस्त्याकडे येतं.

पूर्वी रस्त्याचे ठरावीक तुकडे ठरावीक माणसांकडे सोपवलेले असत. त्यांना मैलकुली म्हणत. फावडं, घमेलं, विळा घेऊन मैलकुली आपल्या तुकड्यावर फिरायचा. नालीतला गाळ काढायचा, साइडपट्टीवरचं गवत कापायचं, लहानसा खड्डा दिसला की तो मोठा होण्याआधी मुरूम-गिट्टीनं भरायचा. कुठल्या वळणावर पाणी साचतं, कुठल्या मोरीत पालापाचोळा अडकतो, हे त्याला तोंडपाठ असायचं. मला हे काम फार मोलाचं वाटतं. रस्ता बांधणाऱ्यांच्या नावाचा फलक लागतो. वीस वर्षं नाली साफ ठेवणाऱ्याचं नाव कुठेच लिहिलेलं नसतं, आणि रस्ता टिकतो तो त्याच्यामुळे.

बरं, रस्ता खराब झाला तर सांगायचं कोणाला? रस्त्यांनाही मालक असतात आणि त्यांची ओळख रंगांनी पटते. कडेच्या किलोमीटरच्या दगडाचं डोकं पिवळं असेल, तर तो राष्ट्रीय महामार्ग. भंडारा, लाखनी, साकोलीवरून जाणारा 53 क्रमांकाचा महामार्ग तसा आहे. मोठी माणसं अजून त्याला 'सहा नंबर' म्हणतात, कारण पूर्वी त्याचा क्रमांक 6 होता. डोकं हिरवं असेल, तर राज्य मार्ग. नारिंगी असेल, तर प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेतला गावरस्ता.

ही रस्त्यांची जातकुळी ठरली आपल्या शेजारीच, नागपुरात! 1943 सालच्या डिसेंबरात देशभरातले मुख्य अभियंते तिथे जमले होते. भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता आणि त्या प्रांताची राजधानी होती नागपूर. त्या बैठकीत रस्त्यांची उतरंड ठरली : राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा मार्ग, गावरस्ते. शेतीच्या मुलखातलं कुठलंही गाव मुख्य रस्त्यापासून 5 मैलांपेक्षा दूर राहू नये, असं स्वप्नही तिथे पाहिलं गेलं.

महाराष्ट्रात 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि गावांना जोडणाऱ्या रस्त्यांची मोठी जबाबदारी त्यांच्याकडे आली. आज राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभाग सांभाळतो. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग बघतो. गावातल्या गल्ल्या ग्रामपंचायतीच्या. भंडारा, तुमसर, पवनी या शहरांमधल्या गल्ल्या तिथल्या नगरपरिषदांच्या. कागदांवर या रस्त्यांना टोपणनावं असतात : 'प्रजिमा' म्हणजे प्रमुख जिल्हा मार्ग, 'इजिमा' म्हणजे इतर जिल्हा मार्ग, 'ग्रामा' म्हणजे ग्रामीण मार्ग. आणि बांधकाम विभागात गेलात, तर दोन आकडे सारखे कानांवर पडतील : तीस चोपन्न आणि पन्नास चोपन्न. ही सरकारी हिशेबातली दोन खाती. 3054 मधून रस्त्यांची देखभाल-दुरुस्ती होते, 5054 मधून नवी बांधकामं. खड्डा भरायला जो पैसा लागतो, तो तीस चोपन्नमधला.

पैसा मोजका, रस्ते पुष्कळ. आधी कोणता रस्ता धरायचा? त्यासाठी मोठ्या रस्त्यांवर चक्क गाड्या मोजतात. सलग 7 दिवस, दिवसरात्र, वर्षातून दोनदा : एकदा सुगीत आणि एकदा एरवी. बैलगाडीही मोजतात, सायकलही. कारण रस्ता किती थकला, हे त्याच्यावरून काय आणि किती गेलं यावर ठरतं.

इथे एक अचंबा वाटावा असं गणित आहे. एका ट्रकच्या आसावर जेवढं वजन आहे, त्याच्या दुप्पट वजन दुसऱ्याच्या आसावर असेल, तर दुसरा ट्रक रस्त्याची किती जास्त झीज करेल? दुप्पट? चुकलं. जवळजवळ 16 पट! अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ मुद्दाम चाचणीचे रस्ते बांधले होते. त्यांच्यावरून 1958 ते 1960 या काळात सैन्यातले चालक भरलेले ट्रक फेऱ्यांमागून फेऱ्या चालवत राहिले आणि अभियंते भेगा मोजत राहिले. त्यातून हा नियम सापडला : वजनाची पट चार वेळा लिहायची आणि त्यांचा गुणाकार करायचा. 2 गुणिले 2 गुणिले 2 गुणिले 2. आता तिप्पट वजनाचं गणित तुम्हीच करा. जास्तीची रेती भरलेला ट्रक गावरस्त्यावर आला, की अभियंत्यांच्या पोटात गोळा का येतो, ते कळेल. तुमच्या सायकलीची मात्र रस्ता दखलही घेत नाही.

धानाच्या मुलखातला आणखी एक त्रास म्हणजे चिखलणीची लोखंडी चाकं. चिखलात ट्रॅक्टर रुतू नये, म्हणून त्याला ही केजव्हील लावतात. शेतात ती हवीतच. पण एका बांधीतून दुसऱ्या बांधीकडे जाताना तशीच डांबरावरून नेली, तर प्रत्येक पट्टी रस्त्याला चावा घेत जाते. त्या चाव्यांमधून मग पाणी आत शिरतं. रस्त्यावर चढण्याआधी चाकं बदलायला वेळ लागतो, रोवणीची घाई असते, हे मला समजतं. तरीही ती बदलायलाच हवीत.

ग्राम सडक योजनेच्या रस्त्याच्या तोंडाशी एक फलक असतो. त्यावर रस्त्याची लांबी, खर्च आणि ठेकेदाराचं नाव असतं. रस्ता झाल्यावर 5 वर्षं त्याची देखभाल त्याच ठेकेदारानं करायची असते. पुढच्या वेळी तो फलक थांबून वाचा आणि तारीख बघून हिशेब करा, की 5 वर्षं संपली की अजून बाकी आहेत. अशा रस्त्यावर खड्डा दिसला, तर घरातलं मोठं माणूस फोटो काढून 'मेरी सडक' या ॲपवर तक्रार करू शकतं. फोटोसाठी तुम्ही मात्र रस्त्याच्या मध्ये जाऊ नका.

आता आपल्या चौकोनाकडे येऊ. खड्डा परातीसारखा असतो, मध्ये खोल आणि कडांना उथळ. तसाच भरला, तर कडेचा थर पापडाएवढा पातळ राहतो. पहिलंच जड चाक त्याचे तुकडे करतं आणि पाण्याला पुन्हा वाट मिळते. म्हणून खिळखिळा भाग संपून घट्ट रस्ता लागेपर्यंत कडा तोडायच्या आणि त्या भिंतीसारख्या उभ्या करायच्या. म्हणजे कडेलाही मालाचा थर पुरता जाड बसतो आणि चारही भिंती त्याला धरून ठेवतात. काकांचं 'चाकासंगं निघून जाते' ते हेच.

त्या दिवशी त्यांनी चौकोन झाडला, पुसला. तळाशी थोडी ओल होती, म्हणून ऊन लागू दिलं. एक मुलगा घाई करत होता. काका म्हणाले, "थांब, कोरडं होऊ दे." मग तळाला आणि भिंतींना पातळ डांबर फासलं, गिट्टीचं गरम मिश्रण टाकलं, कुटलं, परत टाकलं, परत कुटलं. शेवटी चौकोन रस्त्यापेक्षा बोटभर वर राहिला.

"हे उंच राहिलं की!" मी म्हणालो.

"गाड्या बसवतील त्याले," काका म्हणाले आणि घमेली गाडीत टाकून पुढच्या खड्ड्याकडे गेले.

पावसाळा संपल्यावर मी परत त्या रस्त्यानं गेलो. बांध्यांमध्ये धान लोंबीला आलं होतं. गाडीला कुठेच धक्का बसला नाही, म्हणून उतरून ती जागा शोधावी लागली. चौकोनी होती, म्हणून सापडली.