जात्यावरची ओवी आणि दुर्गाबाई



गेल्या महिन्यात गटाच्या बैठकीनंतर आम्ही आमच्यातल्या सगळ्यांत वयस्क आजींना जात्यावरच्या ओव्या म्हणायचा आग्रह केला. त्या आधी तयारच होईनात. "आम्ही अडाणी बाया, त्यात काय ऐकायचं?" असं म्हणाल्या. मग एक ओवी निघाली, तिच्यामागून दुसरी, आणि दिवेलागण होईपर्यंत आजी थांबल्याच नाहीत. हिशोबाच्या वहीची मागची पानं ओव्यांनी भरली. आमच्यातली एक बारावी शिकलेली. तिने घरी जाऊन सगळं 'शुद्ध' करून लिहिलं. पुढच्या बैठकीत वाचून दाखवलं, तर आजी म्हणाल्या, "चांगलं आहे, पण ही माझी ओवी न्हाई."

आम्ही सगळ्या गप्प. काय चुकलं ते नीट समजून घ्यायचं म्हणून आज दुर्गाबाई भागवतांची ओळख करून घेऊ. बायकांच्या तोंडी असलेल्या अशाच गोष्टी अभ्यासण्यात आणि वर्तमानपत्रं, मासिकं, पुस्तकं यांतून त्यांबद्दल लिहिण्यात त्यांचं आयुष्य गेलं.

दुर्गाबाईंचा जन्म १० फेब्रुवारी १९१० रोजी इंदूरला झाला. शिक्षण आणि पुढचं बहुतेक आयुष्य मुंबईत. घर शिकलेलं होतं. धाकटी बहीण कमला सोहोनी, यांनी १९३९ साली केंब्रिजहून विज्ञानातली डॉक्टरेट मिळवली. बाई म्हणून प्रवेश नाकारला जात होता तेव्हा हट्टाने जागा मिळवणाऱ्या त्या. त्यांच्यावर एक वेगळं भाषण करावं लागेल.

दुर्गाबाईंनी संस्कृत शिकलं, बौद्ध धर्माचा अभ्यास केला. पण पोथ्यांत त्यांचं समाधान होईना. डॉक्टरेटसाठी त्या मध्य प्रांतातल्या आदिवासींमध्ये गेल्या. गोंडांच्या वस्त्यांतून फिरून गाणी, कथा, रीतिरिवाज गोळा करू लागल्या. तिथे रानातला विषारी सुरण खाण्यात आला आणि त्या इतक्या आजारी पडल्या की सहाएक वर्षं अंथरुणाला खिळून काढावी लागली. शेवळं काकडाशिवाय आणि सुरण चिंचेशिवाय शिजवू नये, हे आपल्याला आई-आजीने शिकवलेलं असतं. रान वेगळं असलं की तिथलं शहाणपणही वेगळं असतं, आणि ते तिथल्या माणसांकडूनच शिकावं लागतं. डॉक्टरेट राहून गेली. बरं वाटल्यावर त्या पुन्हा कामाला लागल्या, पदवीवाचूनच.

पुढे काही काळ पुण्याच्या गोखले संस्थेत त्यांनी समाजशास्त्राचं काम पाहिलं. पण त्यांची खरी बैठक म्हणजे मुंबईतलं एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय. तिथे त्या वर्षानुवर्षं जाऊन वाचत बसत.

१९५६ साली त्यांचं 'लोकसाहित्याची रूपरेषा' हे पुस्तक आलं. लोकसाहित्य म्हणजे कोणा एका लेखकाने कागदावर लिहिलेलं नव्हे, तर तोंडातून कानात आणि कानातून पुन्हा तोंडात असं चालत आलेलं. गाणी, कहाण्या, म्हणी, उखाणे यांच्यासोबत व्रतं, विधी, समजुतीही त्यात येतात. सोमवारची किंवा नागपंचमीची कहाणी आपण दरवर्षी ऐकतो आणि प्रसाद घेऊन उठतो. अभ्यासकाला त्याच कहाणीत जुन्या घराची रीत दिसते, सासू-सुनेचं नातं दिसतं, पाऊस लांबला तर काय होईल ही भीती दिसते. राजांच्या लढाया बखरीत सापडतील. पण बाळंतिणीला काय खायला घालत, माहेरची वाट कशी पाहत, हे कोणत्या बखरीत मिळणार? ते ओवीत मिळतं.

उखाण्याचंच बघा. आज उखाणा म्हटलं की आपल्याला लग्नात नाव घेणं आठवतं. पण उखाणा म्हणजे कोडंसुद्धा. जुन्या बायका अजूनही "उखाणा घालते, ओळख" असं म्हणतात, आणि कोकणात त्याला हुमाण म्हणतात. या कोड्यांवर दुर्गाबाईंनी इंग्रजीत एक आख्खं पुस्तक लिहिलं, ते १९६५ साली निघालं. कोडी म्हणजे पोरांचा खेळ, असं समजून त्यांनी ती बाजूला टाकली नाहीत.

१९५६ सालचंच त्यांचं दुसरं पुस्तक 'ऋतुचक्र'. चैत्रापासून एकेक महिना घेऊन झाडं, फुलं, पाखरं, आभाळाचे रंग यांवर लिहिलेले लेख. शेतात राबणाऱ्या बाईला त्यात नवीन काय, असं वाटेल. आम्हालाही वाटलं होतं. पण वाचताना लक्षात आलं की रोज बांधावरून जाताना आपण पळस पाहतो आणि तरी पाहत नाही. 'पैस' या लेखसंग्रहाला १९७१ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पैस म्हणजे ऐसपैस मोकळी जागा. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली असं मानतात, त्या नेवाशाच्या खांबावरचा लेख त्यात आहे. 'खमंग' हे पुस्तक तर खाद्यपदार्थांवरचं. चूलही त्यांनी अभ्यासाबाहेर ठेवली नाही.

आता १९७५ सालाकडे येऊ. जूनमध्ये देशात आणीबाणी लागली. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला, सरकारविरुद्ध बोलणाऱ्यांना तुरुंगात टाकलं जाऊ लागलं. त्याच वर्षी डिसेंबरात कराडला मराठी साहित्य संमेलन भरलं आणि अध्यक्ष होत्या दुर्गाबाई. कराडचे यशवंतराव चव्हाण तेव्हा केंद्रात मंत्री, आणि तेही तिथे हजर. अशा मंडपात दुर्गाबाईंनी आणीबाणीविरुद्ध आवाज उठवला आणि आजारी जयप्रकाश नारायणांना बरं वाटावं म्हणून सगळ्यांना प्रार्थना करायला लावली. १९७६ साली पोलिसांनी त्यांना अटक केली, तीही त्यांच्या त्या ग्रंथालयातून. सुटून आल्यावर १९७७ च्या निवडणुकीत त्यांनी जाहीर सभांतून प्रचार केला. सरकारी मानसन्मान मात्र घेतले नाहीत.

ओव्या गोळा करणाऱ्या बाईने राजकारणात का पडावं, असं काहींना वाटलं असेल. आम्हाला यात वेगळं काही दिसत नाही. लोकांच्या तोंडच्या शब्दाला जन्मभर मोल दिलं, तर लोकांचं तोंड बंद केलेलं कसं चालेल?

७ मे २००२ रोजी दुर्गाबाई गेल्या.

आता आमच्या चुकीकडे. लोकसाहित्य टिपून घेताना अभ्यासक शब्द बदलत नाहीत. आजी 'पान्याला' म्हणाल्या तर 'पाण्याला' लिहायचं नाही. अर्थ कळला नाही तर विचारून बाजूला लिहायचा, ओवीत घुसवायचा नाही. म्हणणारीचं नाव, गाव, वय, माहेर कुठलं आणि ओवी कोणाकडून शिकली हे लिहायचं, कारण माहेरची ओवी लेकीबरोबर सासरी जाते आणि तिथे थोडी बदलते. एकच ओवी दोघींनी वेगळी म्हटली तर दोन्ही लिहायच्या. कोणतीच चुकीची नसते. ती दळताना म्हणतात, पाळणा हलवताना की हळदीला, हेही टिपायचं. मोबाइलवर आवाज घेता आला तर उत्तमच, पण आधी विचारून. काही गाणी बाया फक्त बायांतच म्हणतात, ती चारचौघांत वाजवली तर पुढच्या वेळी कोणी तोंड उघडणार नाही.

आणि हे लवकर करायला हवं. पिठाची गिरणी गावात आली, जातं कोपऱ्यात गेलं, हाताचे कष्ट वाचले. जातं परत यावं असं आमच्यापैकी एकीलाही वाटत नाही! पण दळताना म्हटलेल्या ओव्या साठीपुढच्या बायांकडेच उरल्यात.

आम्ही ती शुद्ध केलेली पानं बाजूला ठेवली आणि आजींकडे पुन्हा गेलो. या वेळी त्या म्हणतील तसं लिहिलं. वाचून दाखवल्यावर त्यांनी तीन ठिकाणी आमची चूक काढली आणि मग म्हणाल्या, "हां, आता लिव्ह. आजून हायेत."