लेव्हिनच्या वाचनालयाची भेट

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर, राजधानी वेलिंग्टनपासून साधारण 90 किलोमीटर उत्तरेला लेव्हिन हे छोटे शहर आहे. 1999 साली तिथल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टपुढे मोठा पेच पडला. पुस्तकांची देवघेव ज्या जुन्या संगणक प्रणालीवर चाले, ती 2000 साल उजाडताच तारखांचा गोंधळ घालील अशी धास्ती होती. बाजारातल्या नव्या प्रणाली महाग होत्याच, शिवाय फॉक्सटन आणि शॅनन इथल्या शाखा मुख्य वाचनालयाशी जोडायला त्यांना कायमची खास टेलिफोन लाइन लागे. तिचे भाडे ट्रस्टला परवडणारे नव्हते. मग कटिपो कम्युनिकेशन्स या वेलिंग्टनमधल्या लहानशा कंपनीबरोबर ट्रस्टने स्वतःचीच प्रणाली लिहून घ्यायची ठरवली. साध्या फोन लाइनवर, मोडेममधून शाखांचे काम चालले पाहिजे, ही मुख्य अट. काही महिन्यांत ती तयार झाली आणि जानेवारी 2000 मध्ये वाचनालयात रुजू झाली. तिचे नाव कोहा. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट.

यानंतरचा निर्णय मला प्रणालीहूनही मोलाचा वाटतो. कंपनी लहान, उद्या ती बंद पडली तर वाचनालयाने कुणाकडे बघायचे? म्हणून कोहाचा सगळा कोड मुक्त परवान्याखाली जगाला खुला केला. कुणीही ती वापरावी, दुरुस्त करावी, सुधारलेली दुसऱ्याला द्यावी. पुढे अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या नेल्सनव्हिलच्या सार्वजनिक वाचनालयाला ग्रंथनोंदींचा ‘मार्क’ हा आंतरराष्ट्रीय साचा हवा होता. त्यांनी त्या कामाचे पैसे दिले, फ्रान्समधल्या एका प्रोग्रॅमरने ते केले, आणि ती सोय लेव्हिनसकट सगळ्यांना मिळाली. मधल्या काळात एका परदेशी कंपनीने ‘कोहा’ या नावावरच हक्क सांगितला होता. जगभरच्या वापरकर्त्यांनी वर्गणी काढून ट्रस्टला साथ दिली आणि न्यूझीलंडमध्ये ते नाव कंपनीच्या हाती जाऊ दिले नाही. कोहा वापरणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय परिषद 2011 साली आपल्या ठाण्यात, विद्या प्रसारक मंडळात भरली होती.

महाराष्ट्रात 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली वाचनालये हजारोंनी आहेत. त्यांतली बरीचशी ‘क’ आणि ‘ड’ वर्गातली: एखादी खोली, तीन-चार कपाटे, तुटपुंज्या मानधनावरचा ग्रंथपाल आणि बाकी सगळे कार्यवाहांच्या उत्साहावर. तिथे कोहाचा उपयोग काय, हे समजायला आधी दाखल नोंदवही डोळ्यांसमोर आणावी. पुस्तक आले की दाखल क्रमांक पडतो. लेखक, प्रकाशक, किंमत, पाने लिहिली जातात. पुस्तकाच्या आत खिसा, खिशात कार्ड, समोर तारखांची चिठ्ठी. सभासद पुस्तक नेतो तेव्हा कार्ड काढून त्या तारखेच्या गठ्ठ्यात ठेवायचे. ही पद्धत शंभरहून अधिक वर्षे टिकली, कारण ती वीज मागत नाही आणि दहा मिनिटांत कुणालाही शिकवता येते. पाच-सातशे पुस्तके आणि साठ सभासद असतील, तर तीच ठेवावी असे माझे स्पष्ट मत आहे. संगणक आणल्याने असे वाचनालय सुधारत नाही.

पुस्तके दोन-तीन हजारांच्या पुढे गेली की मात्र वही अपुरी पडते. अमुक लेखकाचे काय काय आहे, कुणाकडे सहा महिने पुस्तक अडकले आहे, आठ वर्षांत एकदाही बाहेर न गेलेली पुस्तके कोणती, याची उत्तरे वहीत असतात, पण शोधायला आठवडा जातो. कोहा ती क्षणात देते. वार्षिक ग्रंथपडताळणीत तर फरक डोळ्यांत भरतो: कपाटापुढे उभे राहून स्कॅनरने एकेक पुस्तक वाचत जायचे, शेवटी गहाळ पुस्तकांची यादी समोर येते. स्कॅनर दीड-दोन हजार रुपयांत मिळतो, बारकोड साध्या प्रिंटरवर स्टिकरच्या कागदावर छापता येतात. प्रणालीला परवाना शुल्क नाही. ती लिनक्सवर चालते, म्हणून ती बसवून देणारा जाणता माणूस मात्र लागतो. ही अडचण लहान नाही.

खरा खर्च वेगळाच आहे, आणि तो बहुतेक वाचनालयांच्या अंदाजपत्रकात नसतो. तो म्हणजे नोंदी भरण्याची मेहनत. इंग्रजी पुस्तकाचा आयएसबीएन टाकला की कोहा परदेशी ग्रंथालयाच्या तालिकेतून तयार नोंद आणते. मराठीचे तसे नाही. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे मराठी पुस्तकांच्या पुष्कळ नोंदी आहेत, पण त्या बहुतांशी रोमन लिपीत. आपला सभासद तसे शोधत नाही. जुन्या मराठी पुस्तकांना आयएसबीएनच नसतो. म्हणजे प्रत्येक नोंद हाताने टंकायची. त्यात एक जण ‘पु. ल. देशपांडे’ लिहितो, दुसरा टिंबांमधली जागा गाळतो, तिसरा पूर्ण नाव लिहितो, आणि संगणक तिघांना वेगळे लेखक समजतो. कोहात यावर उपाय आहे: लेखकाच्या नावाची एक प्रमाण नोंद करून बाकीची रूपे तिला जोडता येतात. पण ती शिस्त पहिल्या दिवसापासून पाळावी लागते. ज्या वाचनालयांनी वीस वर्षांपूर्वी याद्या टंकून घेतल्या, त्यांच्या अनेक फायली जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये अडकल्या आहेत; छापता येतात, पण त्यांत शोध घेता येत नाही. त्या रूपांतरित करून तपासणे हे पुन्हा टंकण्याइतकेच कष्टाचे ठरू शकते.

म्हणूनच लेव्हिनच्या गोष्टीतला शाखांचा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. कोहा मुळातच एका ट्रस्टच्या वेगवेगळ्या गावांतल्या वाचनालयांसाठी लिहिली गेली. एकाच ठिकाणी बसवलेल्या प्रणालीत प्रत्येक वाचनालय शाखा म्हणून राहू शकते. सभासद, देवघेवीचे नियम, दंड ज्याचे त्याचे, ग्रंथनोंद मात्र सामाईक. तालुक्यातल्या दहा वाचनालयांकडे तीच कादंबरी असेल, तर ती एकदाच टंकायची आणि इतरांनी आपली प्रत तिला जोडायची. लिनक्स जाणणारा एकच माणूस दहांना पुरतो, सर्व्हरचा खर्च दहांत वाटला जातो. दहा वाचनालयांनी दहा ठिकाणी तेच काम करणे हा वेळेचा अपव्यय आहे, आणि स्वयंसेवी संस्थेजवळ वेळच तर सगळ्यांत कमी असतो.

आणखी एक गोष्ट कार्यवाहांनी जपावी. कोहा घ्या, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय घ्या किंवा साधी स्प्रेडशीट वापरा. आपल्या सगळ्या नोंदी युनिकोडमध्ये, उघडता येणाऱ्या फायलीत, केव्हाही बाहेर काढता येतात का हे घेण्याआधी तपासा. येत नसतील तर ती प्रणाली फुकट मिळाली तरी नाकारावी. दर महिन्याला एक प्रत पेनड्राइव्हवर काढून ती वाचनालयाबाहेर, दुसऱ्याच्या घरी ठेवावी. आणि दाखल नोंदवही बंद करू नये.

तुमच्या गावात असे वाचनालय असेल आणि तुम्हाला युनिकोडमध्ये मराठी टंकता येत असेल, तर वर्गणीबरोबर रविवारचे दोन तासही त्याला द्या. कार्यवाहांना भेटा, एक कपाट मागून घ्या आणि त्यातल्या पुस्तकांच्या नोंदी पूर्ण करून द्या.