मुहूर्त शुभ आहे. वस्तूची परीक्षा आपली

विजयादशमीच्या दिवशी आपल्याकडे शस्त्रांचे, पोथ्यांचे आणि ज्याच्या त्याच्या उपजीविकेच्या साधनांचे पूजन होते. सुतार रंधा पूजतो, शेतकरी नांगर पूजतो, वाणी तराजू पूजतो. आम्ही कीर्तनकार मंडळी झांज, चिपळ्या, तबला व पेटी यांवर झेंडूची फुले वाहतो. गेली काही वर्षे त्याच पाटावर आणखी एक वस्तू येऊन बसली आहे, ती म्हणजे स्मार्टफोन. प्रथम आम्हांस हसू आले. पण कीर्तनाची आमंत्रणे त्यावरच येतात, बिदागी त्यावरच जमा होते, परगावच्या लेकीसुनांचे चेहरे त्यावरच दिसतात. तेव्हा साधन म्हणून त्याला हळदकुंकू वाहण्यात वावगे काहीच नाही. मात्र जे साधन पाटावर बसवायचे, ते आधी पारखून घ्यावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

या नवरात्रात आमचे पेटीवाले सहकारी सायंकाळी आमच्याकडे आले. हाती वर्तमानपत्रातील पानभर जाहिरात होती. म्हणाले, ‘‘बुवा, वर्षभराच्या बिदागीतून अकरा हजार बाजूला ठेवले आहेत. थोरली यंदा महाविद्यालयात गेली. दसऱ्याला तिला फोन घ्यावा म्हणतो. हा साडेसात हजारांचा घेऊ का? चार पैसे उरतीलही.’’

प्रश्न साधा होता, परंतु आमच्या मनात एक जुनी जखम होती. तीन वर्षांपूर्वी अशाच एका जाहिरातीला भुलून आम्ही सात हजार दोनशे रुपयांचा फोन घेतला होता. पहिले सहा महिने बरे गेले. मग कोठी भरली म्हणून तो कुरकुरू लागला, हाक मारली तरी ओ देईना. अठराव्या महिन्यात एके सकाळी तो उघडलाच नाही. दुरुस्तीवाल्याने तपासून सांगितले, ‘‘आतली पाटी गेली, काही निघणार नाही.’’ फोन गेल्याचे दुःख नव्हते. त्याच वर्षी पौषात आमच्या थोरल्या भगिनी निवर्तल्या. त्यांच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या आम्ही त्यात उतरवून घेतल्या होत्या आणि दुसरी प्रत कोठेही ठेवली नव्हती. तो आवाज कायमचा गेला. पोथीच्या दोन प्रती असाव्यात हे शिष्यांना जन्मभर सांगत आलेले आम्ही, स्वतः मात्र चुकलो.

म्हणून आम्ही पेटीवाल्यांना म्हटले, ‘‘बसा. आज आपण न्यायशास्त्राच्या रीतीने विचार करू.’’ न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनाने शास्त्राची प्रवृत्ती त्रिविध सांगितली आहे : उद्देश, लक्षण आणि परीक्षा. वस्तूचे नाव घ्यावे, तिचे वेगळेपण सांगावे, आणि ते तिला खरोखर लागू पडते की नाही हे तपासावे. बाजारासाठी आम्ही ‘उद्देश’ शब्दाचा व्यवहारातला अर्थही त्यात मिसळतो : वस्तू कशासाठी हवी?

प्रथम उद्देश. केवळ बोलणे आणि पैशांची देवघेव एवढेच हवे असेल, तर स्मार्टफोन घेतलाच पाहिजे असे नाही. साध्या बटणांच्या फोनवरून यूपीआय व्यवहार करण्याची सोय मार्च २०२२ मध्येच सुरू झाली आहे. वृद्ध मातापित्यांसाठी तो मार्ग पुष्कळदा अधिक सुखाचा. पण महाविद्यालयातील मुलीला टिपणे, अर्ज, व्याख्याने लागतात, आणि ती चार वर्षे लागणार. तेव्हा आपला उद्देश ‘चार वर्षे चालणारा फोन’ असा ठरला. पुढील सर्व विचार या एका वाक्यावर उभा आहे.

आता लक्षण. मीमांसक वेदवाक्यांत विधी आणि अर्थवाद असा भेद करतात. विधी कर्तव्य सांगतो, अर्थवाद स्तुती करतो. जाहिरात ही बहुतांशी अर्थवाद असते! ‘पन्नास मेगापिक्सेल’ हे शब्द मोठे, पण चित्र चांगले येणे भिंग, संवेदक व आतील प्रक्रिया यांवर अवलंबून असते, केवळ आकड्यावर नव्हे. मागे तीन डोळे दिसतात, त्यांतील एखादा दोन मेगापिक्सेलचा, जवळजवळ शोभेचाच असतो. ‘आठ जीबी रॅम’ असे ठळक छापून खाली बारीक अक्षरांत ‘चार अधिक चार’ लिहिलेले असते. रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा आणि साठवण म्हणजे कोठी. हे वरचे चार म्हणजे कोठीतलीच जागा ओटा म्हणून उसनी घेणे होय. कोठी ओट्यापेक्षा पुष्कळच मंद, म्हणून त्या उसन्या चारांना खऱ्या चारांचे मोल नाही. शिवाय फोनची स्वतःची यंत्रणा कोठीचा बराच भाग आधीच व्यापून बसते. म्हणून चार वर्षांचा विचार असेल तर १२८ जीबी साठवण आणि निदान चार, शक्यतो सहा जीबी खरी रॅम पाहावी. साठवण ‘ईएमएमसी’ जातीची आहे की ‘यूएफएस’ जातीची, हेही विचारावे. दुसरी अधिक चपळ असते.

जाहिरातीत सहसा नसलेले परंतु सर्वांत मोलाचे लक्षण निराळेच आहे : सुरक्षेची सुधारणा कंपनी किती वर्षे देणार? ज्या फोनवरून बँकेचे व्यवहार व्हायचे, त्याच्या कुलपाची डागडुजी थांबली की तो बाहेरून नवा दिसला तरी आतून जुना होतो, आणि पुढे काही उपयोजने त्यावर चालणेही बंद होते. कोणत्या सालापर्यंत, हे लेखी पाहावे.

‘५-जी’ या अक्षरांचेही तसेच. भारतात ही सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. जिओने स्वतंत्र रचना स्वीकारली, तर एअरटेलने आरंभी ४-जीच्या आधाराने चालणारी. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला रेडमी ए४ हा स्वस्त फोन केवळ स्वतंत्र रचनेच्या ५-जीसाठी होता. एअरटेलच्या त्या दुसऱ्या रचनेवर तो ४-जीच चालवी. फोन वाईट असा याचा अर्थ नव्हे. आपल्या सिमकार्डाशी त्याचे गोत्र जुळते की नाही ते पाहावे, एवढेच.

मग परीक्षा. दुकानात *#०६# दाबले की पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक दिसतो. तो खोक्यावरील व पावतीवरील क्रमांकाशी ताडून पाहावा. ‘केवायएम’ ही तीन रोमन अक्षरे, थोडी जागा सोडून तो क्रमांक, असा संदेश १४४२२ वर धाडल्यास त्या क्रमांकाची माहिती मिळते. जुना फोन घेणाऱ्याने तर हे कदापि चुकवू नये. मराठी टंकन करून पाहावे, उन्हात पडदा वाचून पाहावा, तालुक्याच्या गावी दुरुस्ती केंद्र आहे का ते विचारावे. पक्की पावती घ्यावी. १ एप्रिल २०२० पासून फोनवर १८ टक्के जीएसटी आपण भरतोच. फसवणूक झाल्यास ग्राहकांसाठी १९१५ हा राष्ट्रीय साहाय्य क्रमांक आहे.

हप्त्यांविषयी दोन शब्द. जिओफोन नेक्स्ट हा फोन २०२१ च्या गणेशचतुर्थीला यायचा होता, तो आला दिवाळीत, ४ नोव्हेंबरला. रोख किंमत ६,४९९ रुपये. हप्त्यांच्या एका योजनेत आरंभी १,९९९, प्रक्रियेचे ५०१ आणि दरमहा ३०० प्रमाणे चोवीस महिने. एकूण ९,७०० रुपये होत. त्यात बोलण्याची व डेटाची सोयही होती, म्हणून ती लूट नव्हे. परंतु ‘फक्त १,९९९ मध्ये’ एवढेच कानी घेऊन निघालेल्याला पुढील चोवीस महिने दिसत नाहीत. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले आहे. हप्त्याची बेरीज करावी, मगच सही करावी.

शेवटी आम्ही कागद पुढे ओढून पेटीवाल्यांना गणित दाखविले. आमचा ७,२०० चा फोन अठरा महिने टिकला. म्हणजे महिना ४०० रुपये. १०,८०० चा फोन चार वर्षे टिकला, तर महिना २२५. स्वस्त कोणता? ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘‘बुवा, आणि चार वर्षे टिकलाच नाही तर?’’

प्रश्न रास्त होता. टिकण्याची हमी आम्ही कोण देणार! हमीपत्रही सामान्यतः एका वर्षाचेच असते. आपल्या हाती एवढेच, की टिकण्याची लक्षणे ज्यात आहेत ते निवडावे, आणि जे पुन्हा मिळणार नाही ते एकट्या फोनच्या भरवशावर ठेवू नये.

वाचकहो, साडेतीन मुहूर्तांपैकी हा एक मुहूर्त. तो आपल्या आरंभाला बळ देतो. वस्तूतला दोष झाकीत नाही. पेटीवाल्यांनी ती जाहिरात घडी करून आमच्याकडेच ठेवली. दसऱ्याला सुधारणांचे साल पाहून, बेताच्या किमतीचा दुसरा फोन ते घेणार आहेत. त्यांच्या मातोश्री चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि भोंडल्याची जुनी गाणी त्यांना अजून मुखोद्गत आहेत. मुलीने पहिल्याच दिवशी ती उतरवून घ्यावीत आणि प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात, असे आम्ही सांगितले आहे. आपट्याची पाने देण्यासाठी त्यांच्या घरी जाऊ, तेव्हा हे झाले की नाही, ते आम्ही विचारणार आहोत.