धग लागायलाच हवी!

‘लोटन’ हे नाव कानावर पडलं की माणूस खान्देशातला, हे वेगळं सांगावं लागत नाही. जळगाव-धुळ्याकडे गावोगावी एखादे लोटनतात्या, लोटनआबा असतातच. म्हणूनच २०१३ च्या मार्चमध्ये राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले आणि सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक म्हणून ‘शिवाजी लोटन पाटील’ हे नाव आलं, तेव्हा आपल्याकडे सगळ्यांचे कान टवकारले. हा तर चाळीसगाव तालुक्यातल्या उंबरखेडचा!

चित्रपट होता ‘धग’. स्मशानातल्या कामावर पोट असलेलं एक कुटुंब. मुलगा कृष्णा म्हणतो, मला बापाचं काम करायचं नाही. आणि आई यशोदा त्याच्या मागे उभी राहते. यशोदाच्या भूमिकेसाठी उषा जाधवला त्याच वर्षी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, तर कृष्णा झालेल्या हंसराज जगतापची परीक्षकांनी खास दखल घेतली.

मैत्रिणींनो, आपल्याकडे बायकांनी स्मशानात जायची रीत नाही. घरातलं माणूस गेलं, तरी आपण उंबऱ्यापर्यंतच. ‘धग’ बघताना शेजारी बसलेली माझी मावशी डोळ्याला पदर लावत म्हणाली, “माय व, मसनमा बी एक माय ऱ्हास, हाई कधी मनमा उनंच नही!” एवढ्या एका वाक्यात सगळं आलं, नाही का?

बापाचं काम पोराच्या गळ्यात पडतं, ही गोष्ट काही फक्त आपल्याकडची नाही. इंग्लंडमध्ये केन लोच या दिग्दर्शकाने १९६९ साली ‘केस’ हा चित्रपट आणला. कोळसा खाणीच्या गावातला पोरगा. खाणीत उतरायचं नाही म्हणतो आणि ससाणा पाळतो. तिथे खाण, इथे सरण. पोराची घुसमट तीच.

पुरस्कारानंतर पाटलांनी सोपी वाट धरली नाही. ‘३१ ऑक्टोबर’ या हिंदी चित्रपटात १९८४ च्या दंगलीत जीव मुठीत धरून बसलेलं शीख कुटुंब आहे. राजन खान यांच्या कथेवरच्या ‘हलाल’मध्ये नवऱ्याने तलाक दिलेली हलीम आहे. पुन्हा नांदवायचं, तर आधी तिने दुसऱ्याशी निकाह लावायचा! पण तिला काय हवंय, हे विचारतो कोण? ‘हलाल’ २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये चित्रपटगृहात आला. त्याआधी ऑगस्टमध्येच सर्वोच्च न्यायालयाने तिहेरी तलाक रद्द ठरवला होता. पुढे ‘भोंगा’मध्ये आजारी तान्हं बाळ आणि भोंग्याचा आवाज. त्याला २०१९ मध्ये जाहीर झालेल्या यादीत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

हे चित्रपट बघून करमणूक होत नाही, हे खरंच. मालिका बघून विसरता येते, यशोदा विसरता येत नाही. एखाद्या दुपारी कामं आटोपून ‘धग’ बघाच, आणि एकट्या नको, मुलांना घेऊन बसा. मग हळूच विचारा, “तुला काय व्हायचंय रे?” आणि उत्तर येईपर्यंत मध्ये बोलू नका!